रेड म्हणजे नेमके काय, आणि चार डिस्कच्या नॅसवर ग्रंथालयाचे स्कॅन सुरक्षित राहतील का?

ग्रंथसेवक_कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात जुने दिवाळी अंक आणि स्थानिक नियतकालिके स्कॅन करण्याचे काम चालू आहे. पाने ४०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवतो, त्यामुळे ए-४ आकाराच्या एका पानाची फाइल ४६ मेगाबाइटच्या आसपास होते आणि दोनशे पानांचा एक अंक ९ गिगाबाइटच्या पुढे जातो. आजवरचे काम सुमारे ३ टेराबाइट भरले असून ते दोन बाह्य हार्ड डिस्कवर विखुरलेले आहे. काही अंकांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की ते पुन्हा उघडून स्कॅन करणे शक्य होणार नाही. म्हणजे आता तो मजकूर फक्त या फायलींमध्येच राहिला आहे.

कार्यकारिणीने साठवणुकीसाठी निधी मंजूर केला आहे. ज्या विक्रेत्याशी बोलणे झाले, त्याने चार कप्प्यांचा नॅस (नेटवर्कला जोडलेली, डिस्क ठेवण्याची पेटी), त्यात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क आणि त्यांवर रेड ५ अशी रचना सुचवली आहे. एक डिस्क बंद पडली तरी काहीही बिघडत नाही, त्यामुळे वेगळ्या बॅकअपवर खर्च करण्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

मी ग्रंथपाल आहे आणि संगणक वापरण्यापुरताच जाणतो. रेड ०, १, ५, ६, १० या आकड्यांचा अर्थ काय? चार डिस्क मिळून १६ टेराबाइट होत असताना हाती १२ टेराबाइटच का येतात, आणि पडद्यावर तर १०.९ दिसतील असे का सांगितले जाते? एका डिस्कएवढ्या जादा जागेतून चारपैकी कोणतीही हरवलेली डिस्क परत कशी उभी राहते? आणि बॅकअपविषयीचे विक्रेत्याचे म्हणणे बरोबर आहे का? कार्यकारिणीपुढे मला हे समजावून सांगायचे आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर मिळाले तर उपकार होतील.

विदागार

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरेदीचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याचा पूर्वार्ध बरोबर आहे, पण उत्तरार्ध त्यातून निघत नाही. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांना एका डिस्कसारखे वापरण्याची पद्धत; तिच्या रेड ५ या प्रकारात चारपैकी एक डिस्क निकामी झाली तरी नॅस चालू राहतो आणि फायली उघडत राहतात. मात्र रेडचे संरक्षण डिस्कच्या बिघाडापुरतेच असते. कोणी चुकून एखादा फोल्डर पुसला, एखाद्या प्रोग्रॅमने फाइल अर्धवट लिहिली किंवा खंडणीखोर प्रोग्रॅमने सर्व फायली कुलूपबंद केल्या, तर तो बदल त्याच क्षणी रेडमधील सर्व डिस्कवर उतरतो. २०२२ च्या सुरुवातीला ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट जोडलेल्या हजारो नॅसमधील फायली अशाच कुलूपबंद केल्या, आणि त्या नॅसमध्ये रेड होते की नव्हते याने काहीही फरक पडला नाही. चोरी, आग आणि पूर यांच्या बाबतीतही हेच होते, कारण चारही डिस्क एकाच पेटीत असतात. आपण कृष्णाकाठी आहात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात पाणी कुठवर आले होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता रेडकडे वळतो. १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडणारा एक शोधनिबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांसाठी आयबीएमची ३३८० ही अवाढव्य आणि महाग डिस्क वापरली जाई. तिची क्षमता ७.५ गिगाबाइट होती. दुसरीकडे वैयक्तिक संगणकांसाठी १०० मेगाबाइटच्या छोट्या, स्वस्त डिस्क मिळू लागल्या होत्या. अशा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका मोठ्या डिस्कचे काम करून घ्यावे, ही त्यांची कल्पना होती. पण त्यात एक मोठी अडचण होती आणि तीही त्यांनी गणित मांडून दाखवली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर अशा १०० डिस्कच्या संचात कुठली तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवडेही पुरे होण्याआधी, निकामी होईल. डिस्कची संख्या वाढली की बिघाडाची शक्यता वाढते, म्हणून जादा माहिती साठवून बिघाड सोसण्याची सोय करावी लागते. ही सोय करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना त्यांनी १ ते ५ असे क्रमांक दिले. ० आणि ६ हे क्रमांक नंतर रूढ झाले. क्रमांक मोठा म्हणजे रचना अधिक चांगली, असा त्यांचा अर्थ नाही. पद्धती वेगळ्या आहेत, एवढेच ते क्रमांक सांगतात.

रेड ० मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर आळीपाळीने लिहिले जातात. वेग वाढतो, जागा पूर्ण मिळते, पण जादा माहिती काहीच नसल्यामुळे एक डिस्क गेली की सगळा संग्रह जातो. ग्रंथालयाने त्याचा विचारही करू नये. रेड १ म्हणजे मिरर: जे एका डिस्कवर, तेच तंतोतंत दुसऱ्या डिस्कवर. जागा निम्मी मिळते, पण रचना इतकी सरळ असते की बिघाड झाल्यावर काय चालले आहे हे कोणालाही समजते. रेड १० मध्ये मिरर केलेल्या जोड्या करून त्या जोड्यांवर तुकडे वाटले जातात; त्यासाठी साधारणपणे चार डिस्क लागतात आणि जागा निम्मी मिळते. रेड २ आणि ३ आज व्यवहारात आढळत नाहीत.

रेड ५ समजायला पॅरिटी समजली पाहिजे. कल्पना करा की तीन डिस्कवर १२, ७ आणि २० हे आकडे लिहिले आहेत आणि चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, म्हणजे ३९, लिहिली आहे. दुसरी डिस्क गेली, तर ३९ मधून १२ आणि २० वजा केले की ७ परत मिळतो. बेरजेची डिस्क गेली, तर पुन्हा बेरीज करता येते. म्हणजे चारपैकी कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून ती काढता येते, पण दोन गेल्या तर काहीच करता येत नाही. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी एक्सॉर नावाची क्रिया वापरतो: तिन्ही डिस्कवरील त्याच जागेच्या बिटांमध्ये १ ची संख्या सम असेल तर पॅरिटी ०, विषम असेल तर १. समजा बिट १, ० आणि १ आहेत; त्यांत १ दोन वेळा आला, म्हणून पॅरिटी ०. मधली डिस्क हरवली, तर उरलेले १ आणि १ पाहून कळते की संख्या आधीच सम आहे आणि पॅरिटीही सम असल्याचेच सांगते, म्हणजे हरवलेला बिट ० होता. ही क्रिया संगणक अतिशय वेगाने करतो. सर्व पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लेखनाच्या वेळी त्याच डिस्कवर ताण येतो, म्हणून रेड ५ मध्ये ती चारही डिस्कवर फिरती वाटलेली असते. रेड ६ मध्ये पॅरिटीबरोबर वेगळ्या गणिताने काढलेली आणखी एक जादा माहिती असते, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी संग्रह टिकतो.

यावरून जागेचा हिशेब लागतो. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, म्हणून १६ ऐवजी १२ टेराबाइट. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जाते, म्हणून ८. पडद्यावर दिसणारे १०.९ ही जागेची घट नव्हे. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने एक टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट मोजतात, तर विंडोज दोनचा चाळिसावा घात मोजून त्यालाही टेराबाइटच म्हणते. १२ टेराबाइटला या दुसऱ्या मापाने भागले की १०.९ येतात.

माझा सल्ला असा आहे की चार डिस्क घ्याव्यात, पण चारही एका पेटीत घालू नयेत. प्रत्येकी ८ टेराबाइटच्या चार डिस्क घेऊन त्यांतील दोन नॅसमध्ये मिरर म्हणून लावाव्यात आणि उरलेल्या दोन बाह्य यूएसबी पेट्यांमध्ये बॅकअपसाठी ठेवाव्यात. बॅकअपच्या डिस्क आळीपाळीने वापराव्यात: एक ग्रंथालयात बॅकअप घेत असताना दुसरी गावाच्या उंच भागातल्या एखाद्या जबाबदार सभासदाच्या घरी किंवा शक्य तर दुसऱ्या गावी असावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम कार्यकारिणीला सहज पटेल: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या ३ टेराबाइटसाठी ८ टेराबाइटची मिरर काही वर्षे पुरेल. पैसे कमी पडत असतील, तर नॅसमध्ये एकच डिस्क ठेवून बॅकअपच्या दोन डिस्क आधी घ्या. मिरर नंतरही जोडता येईल.

जालरक्षक_पुणे

विदागार यांच्या सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे. पण रेड निवडल्यानंतर पुढे काय करायचे, यावर इथे सहसा कोणी लिहीत नाही, आणि माझ्या अनुभवात संग्रह जातात ते तिथेच. म्हणून तेवढ्याच भागाविषयी लिहितो.

रेड ५ ची पहिली डिस्क गेल्यावर संच चालू राहतो, आणि धोका याच गुणात दडलेला असतो. फायली नेहमीसारख्या उघडतात, म्हणून कोणालाही काही जाणवत नाही. नॅसवरचा एक छोटा दिवा रंग बदलतो, पण नॅस कपाटामागे असतो. आवाज करणारा इशारा कोणीतरी त्रास होतो म्हणून बंद केलेला असतो. या अवस्थेत आठवडे, कधी महिने जातात, आणि मग दुसरी डिस्क जाते. त्यानंतर लोक म्हणतात की रेड ५ वर विश्वास ठेवता येत नाही. वास्तविक रेडने आपले काम केलेले असते. पहिल्या बिघाडाची बातमी माणसापर्यंत पोहोचलेली नसते. म्हणून नॅस बसवल्याच्या दिवशीच ई-मेलने इशारा येण्याची सोय करा, तो किमान दोन व्यक्तींना जाईल असे पाहा, आणि सर्व फायली टाकण्यापूर्वी मुद्दाम एक डिस्क काढून इशारा खरोखर येतो की नाही याची चाचणी घ्या. नॅस तेव्हा रिकामा असल्याने त्यात काहीही गमावण्यासारखे नसते.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा अनुक्रमांक छापलेला असतो. डिस्क कप्प्यात घालण्यापूर्वी त्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार-पाच अंक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कप्प्याच्या दर्शनी भागावर चिकटवा. पुढे नॅस सांगेल की अमुक अनुक्रमांकाची डिस्क गेली आहे. तेव्हा घाईत चांगली डिस्क बाहेर काढली जाऊ नये, यासाठी ही चिठ्ठी लागते. एक डिस्क आधीच गेलेली असताना रेड ५ मधून दुसरी, चांगली डिस्क काढली की संपूर्ण संच बंद पडतो.

नवी डिस्क घातल्यावर होणाऱ्या रीबिल्डविषयीही, म्हणजे हरवलेली माहिती तिच्यावर पुन्हा उभी करण्याविषयीही, कार्यकारिणीला स्पष्ट कल्पना द्यावी. ४ टेराबाइटची डिस्क सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरायची म्हटली तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि त्या वेळी लोक नॅस वापरत असतील तर त्याहून बरेच जास्त. या सगळ्या काळात रेड ५ कडे कोणताही आधार उरलेला नसतो. चारपैकी उरलेल्या तीन डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दहाच्या चौदाव्या घाताइतके बिट, म्हणजे १२.५ टेराबाइट, वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी जागा असे लिहिलेले असते. या आकड्यावरून इंटरनेटवर रेड ५ मृत झाल्याची पुष्कळ भाकिते केली जातात. ती मला अतिरंजित वाटतात, कारण तो आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि चांगल्या स्थितीतील डिस्क त्याहून पुष्कळ बरे वागतात. तरीही मिररमध्ये रीबिल्डला एकच डिस्क वाचावी लागते, ही जमेची बाजू खरी आहे, आणि त्या एका कारणासाठी मीही इथे मिररच निवडेन.

न वाचता येणारी जागा रीबिल्डच्या वेळी प्रथमच सापडू नये म्हणून अधूनमधून सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासल्या जातात. त्याला स्क्रब म्हणतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या डेबियन या प्रकारात सॉफ्टवेअर रेडसाठी (वेगळ्या कार्डाविना, प्रणालीनेच चालवलेल्या रेडसाठी) ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची सोय असते. आपल्या नॅसमध्ये ती असेलच, पण चालू आहे की नाही हे पाहून घ्या. डिस्क स्वतःच आगाऊ इशारा देईल या भरवशावर राहू नका. २००७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्ट या अंतर्गत तपासणीच्या चार महत्त्वाच्या संकेतांपैकी एकही संकेत आधी दिसला नव्हता.

ग्रंथसेवक_कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेरजेच्या उदाहरणाने मला प्रथमच ही गोष्ट उमगली, आणि चार डिस्क दोन-दोन अशा विभागण्याची कल्पना कार्यकारिणीला नक्की पटेल, कारण डिस्कची संख्या तीच राहते.

आणखी तीन शंका आहेत. विक्रेता म्हणतो की नॅससाठीच्या डिस्कऐवजी साध्या डेस्कटॉप डिस्क घेतल्या तर पैसे वाचतील. तसे करावे का? आमच्याकडे वीज वारंवार जाते. ग्रंथालयाला इन्व्हर्टर आहे, तो पुरेल का? आणि डिस्क चांगल्या राहिल्या पण नॅसची पेटीच बिघडली, तर त्या डिस्क दुसऱ्या संगणकावर वाचता येतील का?

सुटेभाग

माझे काम यंत्रांच्या दुरुस्तीचे आहे, म्हणून या तिन्ही शंकांविषयी लिहितो.

डेस्कटॉप डिस्क आणि नॅसची डिस्क यांत किमतीपलीकडे दोन फरक महत्त्वाचे आहेत. पहिला फरक चूक हाताळण्याचा. एखादी जागा वाचता आली नाही, तर डेस्कटॉप डिस्क ती पुन्हापुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत राहते, कारण तिच्या दृष्टीने ती माहिती दुसरीकडे कुठेही नसते. यात एखादे मिनिट किंवा त्याहून जास्त वेळही जाऊ शकतो. रेडमध्ये मात्र तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरून मिळणार असते, म्हणून डिस्कने लवकर हार मानणे श्रेयस्कर ठरते. नॅसच्या डिस्क साधारण सात सेकंदांत चूक कळवतात. लिनक्स अशा उत्तरासाठी सामान्यतः तीस सेकंद थांबते; तोवर उत्तर आले नाही तर ती डिस्क निकामी समजून संचाबाहेर काढली जाण्याची शक्यता असते. अशा रीतीने जवळजवळ चांगली असलेली डिस्कही बाद होते.

दुसरा फरक लिहिण्याच्या पद्धतीचा आहे आणि खरेदीच्या वेळी तो विचारलाच पाहिजे. काही डिस्कमध्ये क्षमता वाढवण्यासाठी चुंबकीय पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. त्यातला एक पट्टा बदलायचा झाला की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे सलग मोठे लेखन सुरू झाले की वेग फार खाली येतो. रेडचे रीबिल्ड म्हणजे नेमके असेच लेखन. २०२० मध्ये असे उघडकीला आले की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर उत्पादकांनी कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची आहे याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. म्हणून केवळ ‘नॅस’ या शब्दावर समाधान न मानता मॉडेल क्रमांक घेऊन ती सीएमआर पद्धतीची (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) असल्याची खात्री करावी. बॅकअपच्या यूएसबी डिस्क एसएमआर असल्या तरी चालेल. त्या सावकाश लिहितील, एवढेच. डिस्क घेताना आणखी एक काळजी अशी की मिररच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो आणि त्या जवळपास एकाच वेळी जाऊ शकतात.

विजेसाठी इन्व्हर्टर पुरेसा नाही. बॅटरी संपत आली आहे असा संदेश घरगुती इन्व्हर्टर नॅसला देत नाही, त्यामुळे मोठ्या भारनियमनात शेवटी नॅस चालू असतानाच बंद पडतो. यूएसबी तारेने नॅसशी बोलणारा लहान यूपीएस घ्या आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की नॅस स्वतःहून नीट बंद होईल असे ठरवून द्या. रेड ५ मध्ये हे विशेष गरजेचे असते. तिथे नवी माहिती एका डिस्कवर आणि बदललेली पॅरिटी दुसऱ्या डिस्कवर लिहावी लागते. या दोन लेखनांच्या मध्येच वीज गेली तर दोन्हींचा मेळ राहत नाही. हा दोष त्या दिवशी दिसत नाही. पुढे कधीतरी एखादी डिस्क जाते, तिची माहिती त्या चुकीच्या पॅरिटीवरून काढली जाते आणि चुकीची निघते. तंत्रज्ञ याला ‘राइट होल’ म्हणतात. मिररमध्येही दोन प्रतींत तफावत राहू शकते, पण पॅरिटीच्या गणितातून भलतीच माहिती उभी राहण्याचा हा प्रकार तिथे होत नाही.

पेटी बिघडण्याविषयी सांगायचे तर बहुतेक छोटे नॅस आतून लिनक्सचेच सॉफ्टवेअर रेड वापरतात, आणि संचाची रचना डिस्कवरच लिहिलेली असते. त्यामुळे त्या डिस्क लिनक्स असलेल्या साध्या संगणकाला जोडून संच पुन्हा उभा करता येतो. मिररच्या बाबतीत तर एक डिस्क जोडली तरी काम भागते. नुसती विंडोजच्या संगणकाला जोडली तर मात्र ती वाचता येणार नाही, आणि विंडोज ती डिस्क ‘तयार’ करायची का असे विचारेल. त्या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये. जुन्या सर्व्हरमधल्या हार्डवेअर रेड कार्डची गोष्ट वेगळी असते. कार्ड बिघडले की बहुधा त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधावे लागते, आणि दहा वर्षांनी ते बाजारात मिळेलच असे नाही. ग्रंथालयाने त्या वाटेला जाऊ नये.

विदागार

वरील सर्व सूचना मला मान्य आहेत. एक विषय राहिला आहे आणि ग्रंथालयासाठी तो रेडच्या क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे: फाइल आहे तशीच आहे, हे कसे ओळखायचे?

साध्या मिररमध्ये दोन प्रतींत फरक आढळला, तर तो फरक आहे एवढेच संचाला समजते. बरोबर कोणती आणि बिघडलेली कोणती, हे सांगता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेल्या झेडएफएस या फाइलप्रणालीत (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या व्यवस्थेत) माहितीच्या प्रत्येक खंडाचा चेकसम, म्हणजे त्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे चुकीची प्रत ओळखून ती चांगल्या प्रतीवरून आपोआप दुरुस्त होते. बीटीआरएफएस ही फाइलप्रणालीही मिररच्या बाबतीत हेच करते, आणि ती काही छोट्या नॅसमध्ये उपलब्ध असते. मात्र बीटीआरएफएसची स्वतःची रेड ५ आणि ६ ची सोय वापरू नका, कारण ती महत्त्वाच्या माहितीसाठी वापरू नये असे तिच्या दस्तऐवजांतच सांगितलेले आहे. नॅस निवडताना या दोन्हींपैकी एक फाइलप्रणाली त्यात आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारा.

फाइलप्रणाली कोणतीही असो, प्रत्येक अंकाचे स्कॅन पूर्ण झाले की त्या फोल्डरमधील सर्व फायलींचे एसएचए-२५६ ठसे (फाइलमधील माहितीवरून काढलेले, फाइल जराही बदलली की बदलणारे आकडे) काढून ती यादी त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवावी. यासाठी मोफत साधने मिळतात आणि दोनशे पानांच्या अंकाला काही मिनिटेच लागतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीबरोबर घडवलेली बॅगइट ही पद्धत याच तत्त्वावर चालते आणि जगभरातील ग्रंथालये ती वापरतात. पुढे आपला संग्रह एखाद्या मोठ्या संस्थेकडे सोपवायची वेळ आली तर तिचा उपयोग होईल. दर तीन-चार महिन्यांनी बॅकअपच्या डिस्कवरून एखादा अंक वेगळ्या संगणकावर उतरवून घ्यावा, ठसे जुळतात का ते पाहावे आणि चार-दोन पाने उघडून वाचून पाहावीत. बॅकअप घेतला गेल्याचा संदेश आणि बॅकअपमधून फाइल परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॅस आल्यावर कामाचा क्रम असा ठेवा. सध्याच्या दोन बाह्य डिस्कवर आहेत त्याच फायलींचे ठसे आधी काढा. मग त्या नॅसवर उतरवा आणि तिथे पुन्हा ठसे काढून जुळवून पाहा. त्यानंतर बॅकअपच्या दोन्ही नव्या डिस्क भरा आणि त्यांचीही जुळणी करा. ही सर्व जुळणी संपून एक नवी डिस्क ग्रंथालयाबाहेर पोहोचेपर्यंत जुन्या दोन डिस्क पुसू नका आणि त्यांवर नवे स्कॅनही लिहू नका.